शिक्का मारलेली पोथी

शहाण्यांचे शहाणपण देव धुळीला मिळवील, असे यशया संदेष्टा बजावतो. हे वचन पुढे करून विद्येलाच कमी लेखणारे भाविक सापडतात. ते मला मान्य नाही, कारण हे वचन कोणत्या काळात आणि कुणाला उद्देशून होते ते आधी पाहायला हवे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात यरुशलेमवर अश्शूरच्या स्वारीचे सावट होते, दरबारचे मुत्सद्दी इजिप्तशी गुपचूप संधान बांधत होते आणि देवाचे नाव नुसते ओठांवर होते. बायबलातल्या यशयाच्या याच ग्रंथात शेताला शेत जोडत सुटणाऱ्यांचा आणि विधवा-अनाथांना नागवणारे कायदे लिहिणाऱ्यांचा धिक्कार आहे. सणसवाडीसारख्या, बांधाला कारखान्याची भिंत लागलेल्या गावात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सातबारा वाचता येणारा न येणाऱ्याशी कसा वागला, यावर तिथे घरे उभी राहतात आणि बसतातही.

एकोणतिसाव्या अध्यायातले एक चित्र मला फार भेदक वाटते. ग्रंथ साक्षरापुढे धरला, तर तो म्हणतो, यावर शिक्का आहे. निरक्षरापुढे धरला, तर तो म्हणतो, मला वाचता येत नाही. ग्रंथ बंदच राहतो. पण पहिल्याचा दोष मोठा, कारण अक्षर येत असूनही त्याने उघडण्याची खटपट केली नाही.

सणसवाडीहून तळेगाव ढमढेरे, न्हावरे करीत भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातले केडगाव येते. तिथे पंडिता रमाबाईंनी हा शिक्का फोडला. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. शास्त्रे तिने आईकडून शिकलेली. ख्रिस्ती झाल्यावर तिने विद्या टाकली नाही, उलट हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले. बायबल मराठीत आधीच होते, पण त्यातली संस्कृताळलेली भाषा केडगावला रमाबाईंनी चालवलेल्या मुक्ती सदनातल्या बायकांना जड जाई. त्यांतल्या कितीतरी मुली 1896-97च्या दुष्काळातून उचलून आणलेल्या. त्यांना कळेल अशा साध्या मराठीत रमाबाईंनी मुळावरून सबंध बायबल उतरवले आणि सदनातल्या स्त्रियांनीच छापखाना चालवला.

बायबलातल्याच यिर्मया संदेष्ट्याने पंडिताची, बलवानाची आणि धनवंताची फुशारकी एकाच पंक्तीला बसवली आणि देवाला दया व न्याय प्रिय आहेत असे सांगितले. या कसोटीला रमाबाईंची विद्वत्ता पुरेपूर उतरते. आजारपणातही त्या मुद्रिते तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. यशयाचे वचन विद्येविरुद्ध वापरणाऱ्यांनी आधी केडगावला जाऊन यावे.