यादीतले नाव

ज्याला आपण सुरैय्या म्हणतो, त्याच मराठीतल्या कृत्तिका. हे नाव आपल्या घरांत मुलींना आवडीने ठेवतात. पण आकाशातली सुरैय्या ही एक चांदणी नव्हे, तो गुच्छ आहे. डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, प्रत्यक्षात ते हजाराच्या घरात आहेत. वायूच्या एकाच ढगातून जन्मलेले, सैल बांधलेले, एकाच वाटेने निघालेले. अशांना खुले तारकागुच्छ म्हणतात.

त्यांची नोंद ठेवण्याचे काम जुने आहे. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अस्-सूफीने इ.स. ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात आकाशातले धूसर ठिपकेही टिपले. फ्रान्सच्या मेसियेने १७८१ साली यादी छापली. तिच्यात ७३ व्या क्रमांकावर चार ताऱ्यांचा पुंजका आहे. २००२ साली त्यांचे वेग तपासले, तेव्हा चौघांचा एकमेकांशी काहीही संबंध नसल्याचे दिसले. पृथ्वीवरून पाहताना ते शेजारी भासतात, इतकेच. पुढे गाया यानाच्या मोजमापांवरून २०२३ साली सात हजारांहून अधिक गुच्छांची यादी झाली. ती करणाऱ्यांनीच २०२४ मध्ये पुन्हा छाननी केली आणि त्यातले सुमारे ५,६०० च खरे बांधलेले गुच्छ मानले.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. एकत्र दिसणे म्हणजे एक असणे का?

आमच्या चाकणला कारखान्यांच्या दिव्यांत तारे फिके पडतात, पण हा प्रश्न रोज दिसतो. वर्गात एका बाकावर एक मूल बिहारचे, दुसरे नांदेडचे, तिसरे इथल्याच जुन्या आळीतले असते. घरची बोली वेगळी, रीतिरिवाज वेगळे, बापाचा धंदा वेगळा. लांबून पाहणारा मात्र म्हणतो, "हे सगळे एकच." आणि आपण तरी कुठे मागे आहोत? आपणही 'बाहेरून आलेले' म्हणून कित्येकांची एकच मोट बांधतो.

यादी करणे वाईट नाही. हजेरीपट नसेल तर शाळा चालणार नाही, शिधापत्रिकांची यादी नसेल तर धान्य पोहोचणार नाही. पण यादीत चूक दोन प्रकारची होते. नसलेला आत येतो, किंवा असलेला बाहेर राहतो. गुच्छातून वगळल्याने ताऱ्याचे काही बिघडत नाही, तो तसाच जळत राहतो. माणसाचे नाव कटले तर मुलाची शाळा सुटते, घरातले धान्य थांबते. म्हणून पुराव्याचा भार नाव असणाऱ्यावर नको, ते खोडणाऱ्यावर हवा. माझ्या मते लेखणी ही अमानत आहे, ती याच अर्थाने.

खगोलशास्त्रज्ञाला ताऱ्याशी बोलता येत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे त्याची चाल मोजतो आणि नवे मोजमाप आले की आपलीच यादी दुरुस्त करतो. आपले काम त्याहून सोपे आहे. माणसाला विचारता येते, तू कुठला, तुला कुठे जायचे आहे. तेवढी तहकीक न करता कोणाला गुच्छात टाकणे किंवा गुच्छातून काढणे, हा अन्यायच होय.