उचललेल्या दगडाचे गाव

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी हे लोणार तालुक्यातील गाव. तीसेक वर्षांपूर्वी तेथील एका स्नेह्याकडे मुक्कामास असताना आम्ही लोणारचे विवर पाहावयास गेलो होतो. उतरणीच्या पाऊलवाटेवर बारीक छिद्रांचा एक काळा दगड दिसला. तो मी सहज उचलून खिशात घातला. आजही तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. घरी आलेली मुले विचारतात, ‘‘हा कुठला?’’ मी ‘‘लोणारचा’’ म्हणतो आणि मला उगाच मोठेपणा वाटतो. हा मोठेपणा कशाचा, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

तो पडला मुंबईत, २०१३ साली. भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भागावर रीना सैनी कल्लाट या कलावतीने कोळ्याचे एक प्रचंड जाळे टांगले होते. ते शेकडो रबरी शिक्क्यांचे होते. कचेरीत वापरतात तसेच शिक्के, पण आकाराने पुष्कळ मोठे. शिक्क्यांवर मुंबईतील रस्त्यांची इंग्रजी अमदानीतली, पुढे बदललेली नावे होती. अशा कलाकृतीस मांडणशिल्प म्हणतात. हे त्याच वास्तूसाठी रचलेले. दुसऱ्या भिंतीवर त्याचा अर्थ निम्माही उरला नसता. कारण ही वास्तू १८७२ साली उघडली ती व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांच्या नावाने, आणि आजचे नाव तिला १९७५ साली मिळाले. जाळे धरले की घर पडीक झाले असे आपण समजतो. कोळ्याला मात्र तेच जाळे भक्ष्य धरून ठेवण्यासाठी हवे असते. माणसाने गोळा करून ठेवलेल्या वस्तूंचे यांपैकी काय होते, असा विचार करीत मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.

तेथून चार पावलांवर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून परकीयांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले, तोच हा. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो फुटला. १९१४ साली तुकडे जोडून त्याला या बागेत उभे केले. बेटाला हत्तीचे नाव आहे आणि हत्ती मात्र भायखळ्याला! एवढ्या थोर चोरीपुढे माझा खिशातला दगड तो काय? पण पाप लहान आहे म्हणून ते माझे नव्हे, असे थोडेच म्हणता येते?

मग गोळा करणे हेच मुळात वाईट का? तसेही म्हणवत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात स्विस येशूसंघीय फादर ब्लाटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. त्यांच्यानंतर फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचे रान पिंजून काढले. या धर्मगुरूंनीही झाडे तोडलीच, वाळवलीच. परंतु अशा संग्रहात कागदावर चिकटवलेल्या प्रत्येक वाळक्या फांदीखाली एक चिठ्ठी असते: वनस्पतीचे नाव, कोठे मिळाली, कोणत्या दिवशी, कोणी तोडली. शंभर वर्षांनी कोणीही ती चिठ्ठी वाचून त्याच डोंगरावर जाऊ शकतो आणि ते झाड तेथे अजून उगवते काय, हे पाहू शकतो. फांदी मेली तरी तिचे गाव सुटलेले नसते, आणि तोडणाऱ्यानेही आपले नाव लपवलेले नसते. उत्पत्तीच्या ग्रंथात आदामापुढे सर्व प्राणी आणले जातात ते नाव ठेवण्यासाठी. पिंजऱ्याचा तेथे उल्लेख नाही, हेही सहज आठवले.

लोणारचेच पाहा. हे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद दीर्घकाळ चालला. भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी तळाखालचे खडक छिद्रे पाडून वर काढले, प्रयोगशाळेत नेऊन तपासले; प्रचंड आघातानेच घडणारे बदल त्यांत सापडले आणि १९७३ साली उल्केच्या बाजूने निर्णय झाला. तेथील दगड कोणी उचललेच नसते तर हे कळले नसते. परिसरातील लोक तर पूर्वापार या खाऱ्या तळ्यातून क्षार काढीत; त्यांच्या दल्ला, पापडी, खुप्पल अशा जाती त्यांनी ठरवल्या होत्या. तेही गोळा करणेच, पण पोटासाठी, आणि तळे आटेल तसे. माझा दगड ना ज्ञानासाठी होता, ना पोटासाठी.

आता लोणार अभयारण्य आहे. २०२० पासून रामसर यादीतही आहे. दगड परत नेऊन ठेवावा असे एकदा मनाशी ठरवले. भूगोल शिकवणाऱ्या एका मित्राने विचारले, ‘‘कोणत्या बाजूला ठेवणार? काठावरचा कोणता दगड कोठे पडला आहे, यावरूनच तर आघाताचा इतिहास वाचतात. चुकीच्या जागी ठेवलास तर ती आणखी एक खोटी साक्ष!’’ मला बाजू आठवेना. पाऊलवाट आठवते, ऊन आठवते, स्नेह्याची हाक आठवते, बाजू नाही.

शेवटी एका चिठ्ठीवर लिहिले: ‘लोणार. उतरणीची वाट. नेमकी जागा विसरलो. उचलणारा मी.’ खाली सही केली आणि ती दगडाखाली ठेवली. परवा शेजारच्या मुलाने ती वाचून विचारले, ‘‘मग काका, परत का नाही ठेवलात?’’ मी त्याला म्हणालो, ‘‘कोठे ठेवू, ते सांग.’’