पसारा आणि पासोडी

अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांच्या घराण्याने एक कापड चारशे वर्षं सांभाळलं आहे. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद. जाडंभरडं, सुती, थंडीत अंगावर ओढायच्या पासोडीचं. दासोपंतांनी त्यावर शाईने आपलं ‘पंचीकरण’ लिहून काढलं. लिहिण्याने थकणारा हा माणूस नव्हता. १५५१ साली बीदरजवळच्या नारायणपेठेत देशपांड्यांच्या घरी जन्म, १६१५ साली अंबाजोगाईत देह ठेवला. मधल्या काळात एकट्या गीतेवर ‘गीतार्णव’ लिहिला, त्याच्याच ओव्या सव्वा लाख सांगतात. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागायची, अशी आख्यायिका आहे.

पासोडीवर काय लिहिलं आहे, हे घर आवरायला काढणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावं. पंचीकरण म्हणजे देहाची झाडाझडती. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूतं एकमेकांत कशी कालवली गेली, याचा तो हिशेब आहे: प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. मग उलटा प्रवास सुरू होतो. हाडं-मांस पृथ्वीचं, रक्त-घाम पाण्याचा, भूक-तहान तेजाची, हालचाल वाऱ्याची, काम-क्रोध-भय आकाशाचं. ज्याचं त्याला परत करत गेलं की ‘माझं’ म्हणायला काही उरत नाही. उरतो तो फक्त पाहणारा. वेदान्ताने माणसाचं घर इतकं कडक आवरलं आहे की कपाट रिकामं करणं त्यापुढे किरकोळ वाटावं.

आणि हाडसुद्धा तुझं नाही असं सांगणारा हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला, कारण एका घराने जुनी पासोडी फाडून तिची गोधडी शिवली नाही.

घर आवरण्यामागचा धर्माचा प्रश्न इथे आहे. वस्तूंचा मोह सोडा, हे आपल्याकडे नवं नाही. पण सोडायचं नेमकं काय? वस्तू, की वस्तूवरचा हक्क?

बीड जिल्ह्यात घर आवरण्याचा मोठा मुहूर्त घटस्थापनेच्या आधीचा. गोधड्या, सतरंज्या, चादरी बाहेर निघतात, नदीवर नाहीतर विहिरीवर धुतल्या जातात. भिंतींना पोतारा बसतो, डबे-भांडी घासून उन्हात पालथी पडतात. यात टाकून द्यायचा हेतू नसतो. वस्तू बाहेर येते, ऊन खाते, पुसली जाते आणि जागेवर परत जाते. वर्षातून एकदा घरातल्या बाईचा हात घरातल्या प्रत्येक वस्तूवरून फिरतो. कुठे वाळवी लागली, कुठली पोथी उंदराने कुरतडली, ते तिला तेव्हाच कळतं.

अलीकडे दुसऱ्या तऱ्हेचं आवरणं आलं आहे. माळवदाचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं असतं, किंवा मुलं पुण्याला स्थायिक झालेली असतात आणि गावातली जागा विकायची असते. मग दोन दिवसांत सगळं उपसलं जातं. सागवानी खांब आणि तुळया जुन्या लाकडाचा व्यापारी नेतो. पितळी हंडे, घंगाळ, समया मोडीत जातात. जातं परसात पडतं. शेवटी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडते. आत लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या, मोडी लिपीतले कागद, निजामाच्या काळातल्या उर्दू पावत्या. कुणालाच वाचता येत नाही. देवाचं आहे, कचऱ्यात कसं टाकायचं, असं म्हणत ते गाठोडं गोदावरीत किंवा बिंदुसरेत सोडलं जातं. टाकणाऱ्याचा भाव खरा असतो. पण त्या गाठोड्यात काय होतं, हे यापुढे कुणालाच कळणार नसतं.

अशा वेळी अपरिग्रहाचा दाखला दिला जातो. तो नीट तपासायला हवा. पतंजलीने अपरिग्रह पाच यमांमध्ये घातला. त्यावरच्या व्यासभाष्यात कारणं दिली आहेत: विषय मिळवण्यात, राखण्यात, त्यांच्या नाशात, त्यांच्या आसक्तीत आणि त्यापायी होणाऱ्या हिंसेत दोष आहे, म्हणून ते घेऊच नयेत. म्हणजे पहारा उंबऱ्यावर आहे, वस्तू आत येण्याआधी. जैन श्रावकाचं व्रतही असंच. शेत, घर, सोनं-चांदी, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा आधी ठरवायची आणि तिच्यापलीकडे घ्यायचं नाही. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अपरिग्रहाचं नातं अस्तेयाशी जोडलं. गरज नसताना एखादी वस्तू साठवली तर ती चोरीच्याच जवळ जाते, असा त्यांचा रोख होता. या तिघांपैकी कुणीही भरलेलं घर एका रविवारी रिकामं करून पुढच्या महिन्यात नव्या सामानाने भरायला सांगितलेलं नाही. दिवाळीच्या सवलतीत घेतलेल्या वस्तूंसाठी जागा हवी म्हणून आजीचं घंगाळ मोडीत घालणं, याला अपरिग्रह म्हणता येणार नाही.

तुकोबांचं उदाहरण नेहमी पुढे येतं. सावकारीची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. पण गोष्ट पुरी ऐकली तर तिचा अर्थ आणखी उघडतो. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, निम्मा वाटा त्यांनी आधी त्याच्या हाती दिला आणि फक्त आपल्या वाट्याची खतं पाण्यात सोडली. त्या कागदांमुळे दुसऱ्यांच्या शेतीवर आणि पोटावर त्यांचा हक्क चालत होता. त्यांनी तो हक्क बुडवला. आणि याच माणसाने पूर्वज विश्वंभरबाबांचं पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ स्वतः दुरुस्त केलं, असंही हीच परंपरा सांगते. एकाच आयुष्यात एक वारसा पाण्यात गेला आणि दुसरा डागडुजी करून उभा राहिला. पहिला फक्त त्यांचा होता. दुसरा त्यांच्याकडे सोपवलेला होता.

घरातल्या सगळ्या वस्तू एका जातीच्या नसतात, हे यातून निघतं. काही आपल्या असतात आणि त्या सोडण्यात धर्म आहे. काहींचे आपण नुसते राखणदार असतो. त्या ‘सोडल्या’ म्हणजे वैराग्य आलं असं होत नाही, सोपवलेलं काम टाकलं असं होतं. कायद्यालाही ही भानगड सोडवावी लागली आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदेवतेच्या मूर्तीवरून वाद झाला. पूजेची पाळी आलेल्याने देव आपल्या घरी न्यायचा की नाही, हा प्रश्न थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२५ साली निकाल लागला: मूर्ती ही घरातलं सामान नाही, तिचं स्वतःचं हित आहे आणि ते पाहिलं गेलं पाहिजे. वाटणीत देवांचे टाक कुणी न्यायचे, यावर आपल्याकडच्या भावाभावांत होणारं बोलणं याच प्रश्नाचं घरगुती रूप आहे.

पोथीचंही तसंच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत बीडच्या पाटांगणात मिळाली. तिच्यावरून त्यांनी १९०९ साली छापलेली ज्ञानेश्वरी पुढे राजवाडी प्रत म्हणून ओळखली गेली आणि ज्ञानेश्वरीच्या जुन्या भाषेची चर्चा तिने बदलून टाकली. मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. छापलं गेलं तेवढंच राहिलं. पाटांगणात कुणी आवराआवर करताना ती पोथी आधीच नदीला अर्पण केली असती, तर तेवढंही राहिलं नसतं.

२०२३ साली मराठवाड्याने हे आणखी एका बाजूने पाहिलं. मराठा आरक्षणाच्या मागणीनंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तहसीलमधली जुनी दप्तरं आणि घराघरातल्या ट्रंका उघडल्या गेल्या. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी बोलावणी येऊ लागली. कालपर्यंत रद्दी असलेला कागद आज मुलाच्या शिक्षणाशी जोडला गेला. ज्यांनी तो जपला त्यांना तो कशासाठी जपतोय हे ठाऊक नव्हतं. उपयोग कळल्यावरच राखायचं म्हटलं तर काहीच राखलं जाणार नाही.

जगात इतरत्रही याची सोय धर्मानेच केली. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये ज्यू समाज देवाचं नाव असू शकेल असा कुठलाही कागद फाडून टाकत नसे, एका बंद खोलीत ठेवत असे. १८९६-९७ साली सॉलोमन शेक्टर यांनी त्यातले लाखाहून जास्त तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत प्रार्थना होत्या, किराण्याचे हिशेब होते, आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्यांची पत्रंही होती. आपल्याकडे वाहत्या पाण्याला पवित्र मानलं, त्यांनी बंद खोलीला. श्रद्धा दोन्हीकडे तितकीच होती. इतिहास मात्र खोलीत वाचला.

यावर कुणी म्हणेल, असं असेल तर कुणी काहीच टाकायला नको, घराची गोदामं होऊ देत. हा आक्षेप खोटा नाही. लाल फडक्यात बांधून पन्नास वर्षं न उघडलेली, वाळवीने पोखरलेली पोथी हाही परिग्रहच आहे. तिला राखली म्हणता येत नाही. राखणं म्हणजे उघडणं, ऊन दाखवणं, वाचता येईल अशा माणसाकडे देणं. आणि वस्तू गेली तरी तिच्यातलं जे सोपवलेलं होतं ते राहू शकतं. जात्याचं पाहा. गावोगाव जाती परसात गेली, चक्कीवर दळण जाऊ लागलं, आणि बायकांच्या पाठीवरचं ओझं उतरलं. याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांत आहेत. दगड गेला, ओवी राहिली. ती ओवी कुठल्याच ट्रंकेत सापडली नसती, कारण ती बायकांच्या तोंडात होती, आणि घर आवरताना त्यांना कुणी विचारत नाही.

बीडमधून हा विषय लिहायचा तर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना वगळून लिहिता येणार नाही. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाच-सहा महिन्यांचा संसार चढतो: कोयते, दोन पातेली, तवा, पिठाची गोणी, गोधड्या, एखादी शेळी, लेकरं. फडाजवळ कोपी बांधायची, गळीत संपलं की मोडायची. इतकं कमी सामान कुठल्याही आश्रमात सापडणार नाही, पण त्याला वैराग्य म्हणणं पाप आहे. सोडण्याला अर्थ येतो तो जवळ असलेलं सोडण्यातून. ज्याच्याकडे साठवायलाच काही नाही, त्याच्या साधेपणाचं कौतुक भरल्या घरातल्याने करू नये. ज्यांच्या माळ्यावर चार पिढ्यांची भांडी आहेत, त्यांनी घर मोकळं करावं ते अशा कुटुंबांच्या कामी येईल अशा रीतीने. चांगली गोधडी, धड पातेलं, लेकराचा स्वेटर मोडीच्या दुकानाआधी त्यांच्या ट्रॉलीत पोचावा. अपरिग्रहाचा दुसरा अर्धा भाग दान आहे, आणि दान द्यायच्या वेळी वस्तू वापरण्याजोगी असावी लागते.

येत्या घटस्थापनेला बीड, अंबाजोगाई, गेवराई, आष्टी, पाटोद्याच्या कितीतरी घरांत ट्रंका उघडतील. साड्या, भांडी, फर्निचर यांचं काय करायचं ते त्या घराने ठरवावं. ते त्याचं आहे. पण हाताने लिहिलेला कागद निघाला, मोडीत, बाळबोधीत, उर्दूत, फारसीत, तर तो एकट्याने निकालात काढू नये. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी विचारावं की हे कुठून आलं. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामासाठी आहे, धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे. नदीवर जाण्याआधी त्यांतल्या एखाद्या ठिकाणी फोन करावा.