फुलझाडांचा छंद आणि भरताचे हरीण

फुलझाडांत मन रमणे हा मोह, की सात्त्विक आनंद? कीर्तन आटोपल्यावर माळकरी मंडळी हा प्रश्न पुष्कळदा घालतात, आणि बहुधा भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरत राजा पुढे उभा करतात. राज्य सोडून अरण्यात गेलेला तो तपस्वी हरिणाच्या पाडसात गुंतला आणि पुढच्या जन्मी हरीण झाला. मग जास्वंदीला कळी आली का म्हणून रोज अंगणात डोकावणाऱ्याची काय गती?

दृष्टांत खरा, पण तो नीट पाहावा. पाडस दिसले की भरताला आनंद होई, एवढ्याने तो बांधला गेला नाही. ते दिसेनासे झाले की जीव कासावीस होई, नित्यनेम सुटे. तिथे ममत्वाची गाठ बसली. उलट शाकुंतलातली शकुंतला पाहा. झाडांना पाणी घातल्याशिवाय ती स्वतः पाणी पीत नसे, नटण्याची हौस असूनही पालवी खुडीत नसे, आणि झाड पहिल्यांदा फुलले की तिला सण वाटे. तिने त्यातले घेतले काय? काहीच नाही! सज्जनहो, कळी आपल्या हुकमाने उमलत नाही. तांब्याभर पाणी घालावे आणि वाट बघत बसावे. बोटांनी पाकळ्या उकलून बघा की, फूल होते का ते! कर्तेपण कसे गळते हे जाईच्या वेलापाशी जितके लवकर कळते, तितके आमच्या दोन तासांच्या निरूपणानेही कळत नाही.

मग कसोटी कोणती? वारी. मृगावर तेरड्याचे बी टाकावे आणि ज्येष्ठ वद्यात माउलींच्या पालखीबरोबर निघावे. परत येईतो रोपे वर आलेली असतात. आपण नसताना वाढली म्हणून ज्याला अधिकच गोड वाटते, त्याचा छंद निर्मळ. ‘माझ्या झाडांना पाणी कोण घालील?’ म्हणून जो वारी चुकवतो, त्याने हरीण पाळलेच म्हणायचे.

कोणी म्हणेल, अरणचे सावतोबाही मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. पांडुरंगच मळ्यात आले, असे परंपरा सांगते. खरे आहे. पण मळा सुकेल या भीतीने ते राहिले नव्हते. भाजीपाल्यातच विठोबा दिसत होता, जावे कुठे? आपल्याला तूर्त जास्वंदीत जास्वंदच दिसते. तेव्हा शेजारच्या पोराकडे तांब्या सोपवावा आणि पताका उचलावी. पावसाने ओढ दिली तर आधी तुळशीला पाणी घाल, एवढे मात्र त्याला बजावून ठेवावे.