नगरपालिका गेल्यावर

जानेवारी २००७ मध्ये येलहंक्याची नगरपालिका संपली. कर्नाटक सरकारने बंगळूरभोवतीच्या सात नगरपालिका, केंगेरीची लहान पालिका आणि ११० गावे शहराला जोडून बृहत् बंगळूर महानगरपालिका उभी केली, तेव्हा त्या सातांत येलहंका होते. खरे तर दोघांत येलहंकाच वडीलधारे. तिथल्या नाडप्रभू घराण्यातल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळूरचा किल्ला आणि पेठ वसवली. पुढे १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी केंपेगौडाच्या वंशजाकडून ते जिंकले आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हा भाग मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. ज्या गावाने शहर वसवले, ते आता शहराच्या उत्तरेकडचा एक विभाग झाले.

वाढते शहर शेजारचे गाव पोटात घेते, यात नवल नाही. मला पडलेला प्रश्न पुढचा आहे. नगरपालिका गेली की गावाचा स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क कुठे जातो? कागदावर तो महापालिकेत जातो. येलहंक्याच्या बाबतीत तो वाटेतच हरवला. विलीनीकरणानंतर नव्या महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला मार्च २०१० उजाडला. दुसरी ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर प्रशासक आला तो राहिलाच. सप्टेंबर २०२५ मध्ये महापालिकाच मोडून तिच्या पाच महापालिका करण्यात आल्या. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते, तरी हे घडले. मुंबई-पुण्याच्या वाचकाला यात परके काही वाटणार नाही. तिथल्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते.

या काळात येलहंका थांबले नव्हते. हवाई दलाचा तळ आणि १९८४ साली सुरू झालेला रेल्वेचा चाक-कारखाना यांमुळे देशभरातली माणसे इथे आधीच आली होती, गृहनिर्माण मंडळाने वसवलेले न्यू टाऊन भरले होते. २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि येलहंका थेट त्याच्या वाटेवर आले. गाव सगळ्यात वेगाने वाढत होते, त्याच वर्षांत त्याच्या वतीने बोलणारा निवडून आलेला माणूस बराच काळ नव्हता. मग बोलत कोण होते? माझे उत्तर असे, की स्वयंसेवी मंडळे बोलत होती. आणि त्यांच्याकडे आपण फावल्या वेळचा छंद म्हणून पाहतो, ही मोठी चूक आहे.

पुट्टेनहळ्ळी तलावाचे उदाहरण घेतो. येलहंक्याच्या वस्तीने वेढलेल्या या लहानशा तलावातल्या झाडांवर चित्रबलाक, रातबगळे, तिरंदाज, पाणकावळे यांची वीण होते. चारी बाजूंनी घरे आली की अशा तलावाचे दोन प्रकारे मरण ओढवते. एक तर सांडपाणी त्यात उतरते, नाही तर सुशोभीकरण उतरते. रहिवासी आणि पक्षीनिरीक्षक यांनी न्यास स्थापन करून दोन्हींविरुद्ध पाठपुरावा केला, नोंदी ठेवल्या, अर्ज केले. २०१५ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-अ खाली तो तलाव पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला.

याच कायद्यातले पुढचे कलम मला फार बोलके वाटते. राखीव क्षेत्रासाठी जी व्यवस्थापन समिती नेमायची, तिच्यात वनखात्याचा अधिकारी, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि त्या क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असावा, असे ते म्हणते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जंगलाकाठचे खेडे होते. महानगरात बुडालेल्या गावात ग्रामपंचायत कुठून आणायची? लोकांचा म्हणून जो प्रतिनिधी समितीत बसायचा, त्याची खुर्ची इथे मुळातच नाही. उरतात ते संस्थांचे प्रतिनिधी. त्यांनी कितीही निष्ठेने काम केले तरी अख्ख्या गावाने त्यांना निवडलेले नसते.

महानगरात बुडण्याचा हा अनुभव विलेपार्ल्याला येलहंक्याच्या ५७ वर्षे आधी आला. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द उपनगरांवर पसरली आणि पार्ल्याचा कारभार बोरीबंदरासमोरच्या इमारतीतून चालू लागला. तरीही पार्ले हे गाव राहिले, आणि याचे श्रेय मी महापालिकेला देणार नाही. लोकमान्य टिळक १९२० मध्ये गेले. त्यांच्या नावाने पार्लेकरांनी १९२१ मध्ये शाळा काढली आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. टिळक मंदिरातले ग्रंथालय, व्याख्याने, गणेशोत्सव, गाण्याच्या बैठका यांतून एका पिढीने दुसरीला सार्वजनिक कामाची सवय लावली. सभा बोलावणे, वर्गणीचा हिशेब चोख ठेवणे, मतभेद झाला तरी पुढच्या बैठकीला येणे, या साध्या गोष्टी तिथे शिकता आल्या. पु. ल. देशपांडे याच वातावरणात वाढले, आणि त्यांच्या आठवणींचे दालन आज संघाच्याच वास्तूत आहे. पार्लेकर हा शब्द आजही अभिमानाने उच्चारला जातो, तो या शंभर वर्षांच्या बिनपगारी कामामुळे.

पण पार्ल्याचे कौतुक करताना एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. अशा संस्थांचा परीघ बहुधा शिकलेल्या, स्थिरावलेल्या मध्यमवर्गापाशी संपतो. ज्याला संध्याकाळ मोकळी मिळते तो कार्यकर्ता होतो. ज्याची पाळी रात्री दहाला सुटते तो होत नाही. बंगळूरच्या तलावांबाबत हे अधिक झोंबते. हरिणी नागेंद्र यांनी या शहराच्या निसर्गाच्या इतिहासावर केलेल्या अभ्यासातून दिसते, की हे तलाव एके काळी कोळी, गुराखी, धोबी आणि शेतकरी यांच्या रोजच्या कामाची जागा होते. तलाव ‘सुधारला’, कुंपण आणि फिरायची पायवाट आली, आणि यांतले कितीतरी जण बाहेर राहिले. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी वाचवलेला तलाव गवत कापणाऱ्या बाईला बंद होणार असेल, तर तो पूर्ण वाचला असे मी म्हणणार नाही.

हे अटळ नाही, याचा पुरावा येलहंक्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. येलहंका तलावाचे पाणी पुढे जक्कूर तलावात जाते. जक्कूरच्या वरच्या अंगाला रोज १ कोटी लिटर क्षमतेचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प उभारला गेला. तिथून निघणारे पाणी पाणकणसाच्या दलदलीतून गाळले जाऊन सुमारे १६० एकरांच्या तलावात उतरते. इथे मासेमारी चालते, गवत कापले जाते, आणि ‘जलपोषण’ हा नागरिकांचा न्यास तलावावर लक्ष ठेवतो. पक्षी पाहणारे आणि जाळे टाकणारे एकाच काठावर वावरतात. मला हे मंडळ आदर्श वाटते, कारण तिथे तलावावर पोट असणाऱ्याला बाहेर काढलेले नाही.

आता हक्काकडे येतो. बंगळूरच्या दक्षिणेला, जे. पी. नगरजवळ, दुसरे एक पुट्टेनहळ्ळी आहे. तिथल्या रहिवाशांच्या न्यासाने २०११ मध्ये महापालिकेशी तलावाच्या देखभालीचा रीतसर करार केला. नागरिकांच्या गटाशी झालेला शहरातला तो पहिला करार. मार्च २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तलावांबाबत खासगी कंपन्यांशी असे करार करण्यास पालिकेला मनाई केली. सार्वजनिक तलाव कंपन्यांच्या हाती जाऊ नयेत, ही न्यायालयाची चिंता रास्तच होती. पण झळ नागरिकांच्या गटांनाही बसली. वर्षानुवर्षे जलपर्णी उपसणाऱ्या माणसांचा अधिकार एका करारपत्राएवढा पातळ होता, हे त्या दिवशी उघड झाले.

म्हणून या मंडळांना सत्कार आणि प्रमाणपत्रे देऊन भागणार नाही. घटनेच्या कलम २४३-एस मध्ये प्रभाग समित्यांची तरतूद आहे. तिथे त्यांना कायद्याने जागा द्यावी, तलावाचे अंदाजपत्रक आणि पाण्याच्या तपासणीचे निकाल मागण्याचा अधिकार द्यावा, आणि बदल्यात दोन अटी घालाव्यात: सभासदत्व परिसरातल्या कोणालाही खुले असावे, आणि तलावावर उपजीविका असणाऱ्यांना कार्यकारिणीत राखीव जागा असाव्यात. निवडून आलेल्या नगरसेवकाची जागा मंडळाने घ्यावी असे मी म्हणत नाही. नगरसेवक यायलाच हवा, आणि वेळेवर यायला हवा. येलहंका आता बंगळूर उत्तर महापालिकेत आहे. तिचे नियम, उपविधी, समित्या अजून घडायच्या आहेत, आणि या दोन अटी त्यांत लिहून घेण्याची वेळ आत्ताच आहे.