गावची विहीर

चामराजपेटेत माझ्या टेबलावर परवा एका कन्नड कथेतले दोन शब्द आले : 'ऊरिन बावी'. मी लिहिलं, 'गावची विहीर'. कुठेच अडलं नाही, आणि तेच नंतर खटकलं.

ऊरु म्हणजे गाव. केरी म्हणजे त्याबाहेरची दलितांची वस्ती. सिद्धलिंगय्यांच्या आत्मकथनाचं नावच 'ऊरुकेरी'. मराठीतही 'गाव' म्हटलं की गावकुसाबाहेरचे लोक त्यात धरलेले नसत. भाषांतर चोख झालं होतं, वगळलेल्या माणसांसकट.

मला जुन्या दगडी विहिरींचं वेड आहे. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात आमराईसाठी बांधून घेतली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल. नावात बारा असले तरी सोय पंधरा मोटांची. वर छोटा महाल. जिना उतरू लागलं की ऊन मागे राहतं.

तो जिनाच मला आता विचारात पाडतो. मोट पाणी वर आणते. जिना माणसाला पाण्यापाशी नेतो. वर आलेलं पाणी दुरून, उंचावरून ओंजळीत ओतता येतं. पायरीवर मात्र पाऊलच ठेवावं लागतं. मग पाऊल कुणाचं, हा प्रश्न टाळता येत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८६८मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४मध्ये ठराव करून खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्यायली, तेव्हा मारहाण झाली आणि तळ्याची 'शुद्धी'ही झाली. ठराव कागदावर होता. पायरी बंदच होती.

म्हणून लिंबचं सौंदर्य नाकारावं का? मला तसं वाटत नाही. दगड घडवणाऱ्या हातांचा त्यात काय दोष? पण आज तिथे कुणीही बिनदिक्कत उतरतो, त्याचं श्रेय विहीर बांधणारीइतकंच महाडला उतरलेल्यांना आहे, एवढं तरी पायरीवर आठवावं.

कथेतली ओळ मी तशीच ठेवली. 'सर्वांची विहीर' लिहिलं असतं तर वाचकाला बरं वाटलं असतं. पण कथेतल्या माणसांना जो न्याय मिळालाच नाही, तो भाषांतरात देऊन टाकायचा मला काय अधिकार?