पैसे देऊन राहिलेला पाहुणा

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता मात्र आपण फोन करून, तारीख ठरवून, ॲडव्हान्स पाठवून मुक्कामाला जातो. मग आपण अतिथी की गिऱ्हाईक? आणि निघताना हिशोब चुकता केला, की त्या घराचे आपल्याकडे काहीच देणे उरत नाही का?

दत्तभक्तांनी तर हा विचार करायलाच हवा. आपले दैवतच मुळी फिरस्ते. भिक्षा कोल्हापुरात, निद्रा माहूरगडावर. रोज दुसऱ्याच्या दारी.

गेल्या वर्षी आम्ही सहा जण नरसोबावाडीचे दर्शन घेऊन, आंबोली घाट उतरून कुडाळ तालुक्यातल्या माणगावला गेलो. प. पू. टेंबे स्वामींचा 1854 साली जन्म झाला ते हे गाव. मुक्काम जवळच्याच एका वाडीत, घरगुती निवासात होता. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, पुढे सारवलेले अंगण, मागे विहीर. आंघोळीचे पाणी चुलीवरच्या हंड्यात तापायचे. मोबाईलला रेंज नाही. ताटात उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी. आमच्यातले एक गृहस्थ म्हणालेच, "एवढे पैसे घेतात आणि साधा गिझर नाही?"

त्याच रात्री त्या गृहस्थांना थंडी वाजून ताप भरला. लाइट गेलेली. घरच्या काकींनी कंदील लावला, सुंठ आणि गवती चहाचा काढा दिला आणि दोन वाजेपर्यंत कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसल्या. उजाडता उजाडता त्यांचे यजमान मोटारसायकलवरून जाऊन गोळ्या घेऊन आले. सकाळी बिलात खोली, जेवण आणि गोळ्यांचे पैसे, एवढेच होते. त्या गृहस्थांनी वर पाचशेची नोट पुढे केली, तेव्हा काकी मागे सरकल्या. "त्याचे कसले पैसे, भाऊ? घरात कोणी आजारी पडले तर आपण झोपतो का?"

बँकेत आयुष्य गेले, त्यामुळे मला जमा-नावेच्या भाषेतच समजते. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा, हा हिशोबाचा पहिला नियम. खोलीचे आणि जेवणाचे खाते पैसे देताच बंद झाले. पण त्या जागरणाचे काय? घेणारा आहे, देणारा आहे, फक्त रकमेच्या रकान्यात लिहायला आकडा नाही. आकडा नाही म्हणून व्यवहारच झाला नाही, असे थोडेच आहे?

यावर कोणी म्हणेल, तो त्यांचा धंदाच आहे. आहे ना, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. त्यावर त्यांचा संसार चालतो. म्हणूनच "घरगुती तर आहे, जरा कमी करा" अशी घासाघीस करणे मला पटत नाही. ठरलेले पैसे पुरते द्यावेत. पण पैसे दिले म्हणजे त्या माणसांची माया विकत घेतली असेही समजू नये. विकायला खोली होती, जागरण नव्हते.

पाहुण्याने कसे वागावे हे श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात आहेच. अमरापूरच्या त्या गरीब घरी श्रीगुरू भिक्षेला गेले. घरात धान्य नव्हते, माऊलीने दारच्या घेवड्याच्या शेंगांची भाजी वाढली. श्रीगुरूंनी तीच गोड मानून घेतली. पुढे वेल उपटला, खाली द्रव्याचा कुंभ निघाला, हे आपल्याला पाठ असते. पण त्याआधीची गोष्ट आपण पटकन वाचून पुढे जातो. जे नव्हते ते त्यांनी मागितले नाही, जे होते त्याला नावे ठेवली नाहीत.

मग उरलेले देणे फेडायचे कुठे? काकी तर घेत नाहीत. मला वाटते, ते आपल्याच दारात फेडावे. आपल्या सोसायटीत भर उन्हात पार्सल घेऊन जिने चढून येणारा मुलगा असतो, पत्ता चुकलेला म्हातारा असतो, उत्सवाला परगावाहून आलेली आणि टेकायला जागा शोधणारी बाई असते. आपण मात्र दाराची साखळी न काढताच फटीतून बोलतो. त्यांना आत बसवून पाण्याचा तांब्या पुढे करायला खर्च काय येतो? आपण निवृत्त माणसे, वेळ तर भरपूर आहे. यंदाच्या दत्तजयंतीला एवढे जरी केले, तरी त्या वाडीतल्या खात्यावर आपल्याकडून पहिला हप्ता भरला जाईल.

श्री गुरुदेव दत्त.